नव्वदच्या काट्यावर

काकती मागे पडली की रस्ता मोकळा होतो. बेळगाव शहरात गाडीचा काटा चाळिसाच्या पुढे क्वचितच जातो. तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ किंवा खडेबाजारात तर वीससुद्धा पुष्कळ. तिथे गाडीची काही तक्रार नसते. मग निपाणीच्या दिशेने हायवेला लागावं, वंटमुरी घाटाच्या अलीकडे काटा पंच्याऐंशीवर यावा आणि स्टेअरिंगच्या कड्यात बारीक कंप सुटावा. आधी बोटांना मुंग्या आल्यासारखं वाटतं, नव्वदला कंप मनगटात येतो, पंच्याण्णवला पुढच्या खणातली नाणी वाजू लागतात. वेग आणखी वाढला की तो ओसरतो. संकेश्वरला चहा घेऊन पुन्हा निघालं की पुन्हा तेच, त्याच काट्यावर.

आपल्या सीमाभागात हे दुखणं घरोघरी आहे. मराठी माणूस म्हणतो ‘स्टेअरिंग थरथरतंय’, कन्नड ड्रायव्हर म्हणतो ‘अल्लाडतैती री’, आणि दोघांनाही बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: ‘अलाइनमेंट करून टाका.’ अलाइनमेंट होते, पैसे जातात, कंप तसाच राहतो. अलाइनमेंट म्हणजे चाकांची तोंडं कुठल्या दिशेला आणि किती कलती आहेत ते जुळवणं. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं, टायर एका कडेने झिजतो. थरथरणं मात्र फिरणाऱ्या वस्तूचं दुखणं आहे, जी दर फेऱ्याला एकदा धक्का देते तिचं. चाकाच्या एका अंगाला वीस ग्रॅम जास्त असतील, तर टो (चाकाची दिशा) आणि कॅम्बर (चाकाचा कल) कितीही अचूक केले तरी ते वीस ग्रॅम जागेवरच राहणार. अलाइनमेंट वाईट असल्यामुळे टायर वेडावाकडा झिजतो आणि मग तो झिजलेला टायर थरथरतो, एवढाच दोघांचा संबंध. तेव्हा अलाइनमेंट सुधारून उपयोग नसतो. टायरचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

वीस ग्रॅम म्हणजे चहाचे चार-पाच चमचे साखर. एवढ्याने बाराशे किलोची गाडी कशी हलते, हा प्रश्न कुणालाही पडावा. १८५/६५ आर १५ हा आपल्याकडच्या छोट्या गाड्यांवर सर्रास दिसणारा टायर घ्या. त्याचा घेर सुमारे एक मीटर पंच्याण्णव सेंटिमीटर. ताशी १०० किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला चौदा फेरे घेतं. रिमच्या कडेला असलेले वीस ग्रॅम या वेगाला बाहेर फेकले जाऊ पाहतात, आणि त्यांची ओढ भरते सुमारे तीन किलोची. म्हणजे सेकंदाला चौदा वेळा तीन किलोचा हिसका, कधी वर, कधी खाली, कधी पुढे, कधी मागे. ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ताशी ५० ला ती पाऊण किलोवर येते आणि जाणवतही नाही. शहरात महिनोन्‌महिने दोष लपून राहतो तो यामुळे.

मग कंप नव्वदलाच का पेटतो, आणि एकशे दहाच्या पुढे का ओसरतो? चाक, हब (चाक ज्यावर नटांनी बसतं तो मधला भाग), ब्रेक हा सगळा पसारा एका बाजूने टायरच्या रबरावर आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंगवर उभा असतो. त्याला उसळायची स्वतःची एक लय असते, साधारण सेकंदाला दहा ते पंधरा. वरच्या टायरचं गणित केलं तर ताशी ७० ला चाकाचे दहा फेरे होतात, ९० ला जवळजवळ तेरा, ११० ला साडेपंधरा. झोपाळ्याला त्याच्या लयीत ढकललं की थोडक्या जोरातही तो उंच जातो, तसंच इथे होतं. फेरे आणि लय जुळले की कंप वाढतो, लय मागे पडली की विझतो. मोठ्या टायरच्या एसयूव्हीत फेरे कमी पडतात, म्हणून हाच कंप थोड्या वरच्या वेगाला येतो. काही जण हे ओळखून एकशे वीसने गाडी हाणतात, म्हणजे थरथर लागत नाही. हा उपाय नव्हे. धक्का तेव्हा आणखी मोठा झालेला असतो; हाताला लागत नाही इतकंच, बेअरिंगला आणि बॉल जॉइंटला (चाकाला वळू देणाऱ्या सांध्याला) तो सोसावाच लागतो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी कंप कुठे लागतो, कधी लागतो आणि किती वेगाला लागतो, हे नीट बघावं. शेजारी एक माणूस बसवा, मोकळ्या सरळ पट्ट्यावर चाळीस, साठ, ऐंशी, नव्वद, शंभर अशा एकेका वेगाला पंधरा-वीस सेकंद गाडी स्थिर ठेवा आणि त्याला कागदावर लिहायला सांगा. कंप हातात असेल आणि बूड शांत असेल, तर दोष पुढच्या चाकांत. स्टेअरिंग शांत आणि सीट, पायाखालची फरशी, मागच्या माणसाची पाठ थरथरत असेल, तर मागच्या चाकांत. याला अपवाद असतात, पण दहापैकी आठ-नऊ वेळा हा ठोकताळा चुकत नाही.

‘कधी’चं उत्तर तितकंच मोलाचं आहे. ब्रेकवर पाय ठेवल्यावरच कंप येतो आणि पेडलही पायाला टोचतं, तर टायर निर्दोष. ब्रेकची डिस्क कुठे जाड, कुठे पातळ झाली आहे. अॅक्सिलरेटर दाबून चढ चढताना येतो आणि पाय सोडताच जातो, तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट पाहा. नव्वदला क्लच दाबून गाडी नुसती वाहू दिली (इंजिन मात्र चालूच ठेवायचं, नाहीतर ब्रेक आणि स्टेअरिंगची मदत जाते) आणि कंप तसाच राहिला, तर तो चाकांचा. गेला, तर इंजिन किंवा त्यापुढच्या साखळीचा. उभ्या गाडीत रेस दिल्यावरही हलत असेल, तर इंजिनाचं माउंटिंग. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर आणि वळणावर तिचा बदलणारा सूर हे बेअरिंगचं लक्षण. इतकं ऐकून घ्यायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. तेवढी न दिल्यामुळे लोक डिस्कऐवजी टायर बदलतात आणि टायरऐवजी शॉक अॅब्सॉर्बर.

कमी वेगाला, ताशी वीस ते चाळीसच्या दरम्यान, स्टेअरिंग सावकाश डावी-उजवीकडे डोलत असेल, तर मात्र प्रयोग करत बसू नका. गाडी बाजूला घ्या. नुकतंच चाक काढून लावलं असेल, तर आधी नट बघा. सैल नटांचं पहिलं लक्षण हेच असतं. नट घट्ट असतील, तर टायरच्या पोटात बिघाड आहे असं समजा. रेडियल टायरच्या ट्रेडखाली (रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या थराखाली) पोलादी तारांचे पट्टे असतात. दगडाचा मार, कमी हवा, जुनं रबर, नाहीतर पंक्चरच्या भोकातून आत शिरलेलं पाणी, यांनी ते एकमेकांपासून सुटतात आणि त्या जागी ट्रेड उचलला जातो. गाडी चालते, पण दर फेऱ्याला त्या उंचवट्यावरून. तो टायर कुठल्याही बॅलन्सिंगने, म्हणजे रिमला वजनं लावून तोल साधण्याने, सुधारत नाही आणि हायवेवर त्याचा ट्रेड सोलून निघू शकतो. साइडवॉलवर (टायरच्या बाजूवर) आलेला फुगाही तसाच. खड्ड्याच्या काठावर आपटून आतले धागे तुटलेले असतात, हवेला फक्त रबराने धरलेलं असतं. चोर्ल्याचा घाट आणि पावसाळ्यानंतरचा खानापूरकडचा रस्ता असले फुगे भरपूर देतो. त्याला पॅच नाही, उपाय नाही. तिथल्या तिथे स्टेपनी लावावी.

हे नसेल, तर पुढचं घरच्या अंगणात करता येतं.

सगळ्यात आधी धुणं. आपल्या भागात यापासूनच सुरुवात करावी, असं ठामपणे म्हणायला हवं. जांबोटी-कणकुंबीकडची तांबडी माती आणि पूर्वेला बैलहोंगलकडची काळी, दोन्ही रिमच्या आतल्या अंगाला थापून बसतात. ओली असताना ती साऱ्या घेरावर सारखी असते. रात्रभर गाडी उभी राहिली की खालच्या बाजूला ओघळून साचते आणि सकाळी विटेसारखी वाळते. बाहेरून चाक लखलखीत आणि आत एका जागी मूठभर ढेकूळ. मूठभर वाळली माती शंभर ग्रॅम सहज भरते. वर वीस ग्रॅमचा हिशोब पाहिलाच आहे. गाडी धुणारा पोरगा बाहेरूनच पाणी मारतो. त्याला चाकाच्या मागून, आतल्या बाजूने फवारा मारायला सांगा, किंवा चाक काढून रिमचा आतला घेर स्वतः लाकडी पट्टीने खरवडा. जून ते सप्टेंबरात अचानक सुरू झालेल्या थरथरीपैकी कितीतरी इथेच संपतात. ट्रेडच्या खाचांत अडकलेली खडीही काढून टाका.

मग हवा. गाडी तीन-चार तास उभी असताना, थंड टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिलेला आकडा पाहून भरायची. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो, तो भरायचा नसतो. सौंदत्तीच्या यात्रेला सहा-सात माणसं कोंबून निघताना पट्टीवरचा पूर्ण भाराचा आकडा बघावा.

आता तळहात. गाडी उतारावर नाही ना ते पाहून हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकवर उचला आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून हात आत घालू नका. आधी उघड्या तारा किंवा काच नाही ना ते डोळ्यांनी बघून घ्या. गिअर न्यूट्रल करून चाक अगदी हळू फिरवा आणि पंजा ट्रेडवर सपाट ठेवा. निरोगी टायर हाताखालून सरळ वाहत जातो. तारांचा पट्टा सुटलेला असेल, तर एका जागी पंजा उचलला जातो, भाकरी एका कडेने फुगावी तसा. ओळीने उंचसखल पेले लागत असतील, तर शॉक अॅब्सॉर्बर थकला आहे, चाक रस्त्यावर उड्या मारत झिजलं आहे. बाहेरून आत हात फिरवताना गुळगुळीत आणि आतून बाहेर फिरवताना ट्रेडच्या कडा बोटांना करवतीसारख्या लागत असतील, तर टो बिघडला आहे. इथे अलाइनमेंटचं काम खरंच आहे. एकाच जागी सपाट झालं असेल, तर कधीतरी चाक ब्रेकने लॉक होऊन घासलं आहे. थंडीत आठ-दहा दिवस एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरलाही सपाटी येते, पण ती पंधरा-वीस किलोमीटर धावून टायर तापला की बहुधा निघून जाते. घासून आलेली सपाटी जात नाही.

चाक उचललेलंच आहे, तर दोन्ही हातांनी ते घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. खटका लागला, तर टाय रॉडचा (स्टेअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याचा) एंड पाहा. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवल्यावर खटका लागला, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. हे ढिले भाग स्वतः कंप निर्माण करत नाहीत, दुसऱ्याचा वाढवतात. दहा ग्रॅमचा फरक घट्ट गाडी पचवते, ढिल्या गाडीत तोच हातात येतो.

यानंतर ‘आउट’ बघायचा, म्हणजे फिरताना चाक गोलाईतून किती सुटतं ते. उद्यमबागेच्या कारखान्यांत लेथवर उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चकमध्ये जॉब बांधला की तो आधी डायल (केसाएवढा फरक मोजणारं घड्याळ) लावून बघतो. चाकाचंही तेच. मॅग्नेटचा स्टँड आणि डायल गेज मिळालं तर उत्तम. न मिळालं तर चाकासमोर दोन विटा रचून त्यांवर स्क्रूड्रायव्हर असा ठेवा की टोक ट्रेडपासून जेमतेम दोन मिलिमीटर राहील. चाक फिरवा आणि फट बघा. ती एका जागी मिटत आणि समोर उघडत असेल, तर चाक अंडाकृती फिरतं आहे. मग टोक साइडवॉलकडे वळवून आतबाहेरचा झोल बघा, आणि शेवटी रिमच्या कडेवर. टायरवर एक ते दीड मिलिमीटर आणि रिमवर पाऊण-एक मिलिमीटरच्या पुढे फट हलली, तर शंका घ्यावी. नेमकी मर्यादा गाडीगणिक वेगळी असते आणि अलॉय रिमला ती आणखी कमी असते. रिमची आतली कडा पाहायला विसरू नका. हंगामात चिकोडी-रायबागच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉलीला बाजू देताना चाक डांबराच्या कडेवरून खाली जातं आणि वर चढताना मार बसतो तो बहुतेक आतल्या कडेला. बाहेरून रिम नवीकोरी दिसते. लोखंडी रिम चांगल्या कारागिराकडून सरळ होते. अलॉय तापवून ठोकून सरळ केली की तिची ताकद जाते. तडा गेलेली किंवा वेल्डिंग केलेली अलॉय पुढच्या चाकाला तर नकोच.

कुठलं चाक हे अजून सापडलं नसेल, तर अदलाबदल करा. त्याच बाजूचं पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे. टायरवर बाण असेल तर त्याची दिशा तशीच राहते, म्हणून बाजू बदलायची नाही. एका वेळी एकच बाजू बदला आणि पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला जाऊन या. कंप हातातून सीटमध्ये गेला, तर चोर मागे गेला. दोन्ही बाजू बदलूनही कंप हातातच राहिला, तर चाक सोडून हबकडे, डिस्ककडे, जॉइंटकडे वळा. स्टेपनी पूर्ण मापाची असेल तर एकेका चाकाच्या जागी तीही लावून पाहता येते. अलीकडे बऱ्याच गाड्यांना छोट्या मापाची स्टेपनी देतात. तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते, ती या कामाची नाही. उतावळेपणाने चारही चाकं एकदम बदलली की कंप जाऊ शकतो, पण कुठून आला होता ते कधीच कळत नाही.

आता बॅलन्सिंगचं मशीन. इथे उभं राहून बघायला लाजू नये. चाक शाफ्टवर चढतं, पुढून किंवा मागून कोन (चाक मधोमध धरणारा शंकू) लागतो, वर मोठा नट आवळला जातो. मग कारागीर तीन मापं भरतो: मशीनपासून रिमचं अंतर, रिमचा व्यास आणि रुंदी. आधीच्या गाडीची मापं तशीच ठेवून बटण दाबलं, तर मशीन चुकीचे ग्रॅम चुकीच्या जागी मागतं. चाक फिरतं, थांबतं, पडद्यावर दोन आकडे येतात. एक आतल्या कडेचा, एक बाहेरच्या. दोन का, हे समजून घ्यावं. जड भाग मध्यरेषेवर असेल तर चाक फक्त वरखाली उसळतं. पण आतल्या कडेला एका बाजूला जड आणि बाहेरच्या कडेला समोरच्या बाजूला जड असेल, तर चाक मान हलवतं, डावी-उजवी. ते मान हलवणं टाय रॉडमधून थेट स्टेअरिंगच्या कड्यापर्यंत पोचतं. म्हणून सगळी वजनं एकाच बाजूला लावून भागत नाही.

एका बाजूला दहा ते चाळीस ग्रॅम ही नेहमीची गोष्ट. मशीनने ऐंशी-शंभर मागितले, तर निमूटपणे पट्ट्या चिकटवून घेऊ नका. आधी जुनी वजनं काढली आहेत का, रिममध्ये माती आहे का ते विचारा. मग चाक शाफ्टवरून सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बांधायला सांगा. आकडे दहा ग्रॅमच्या पुढे बदलले, तर चाक मशीनवर मधोमध बसलेलंच नाही. कोन चुकला आहे किंवा रिमच्या भोकाला गंज आहे. अलॉयला बहुधा आतल्या बाजूने कोन लावल्यावर नीट बसते. सगळं ठीक असूनही आकडा मोठाच आला, तर टायरची हवा सोडून तो रिमवर अर्धा फेरा फिरवायचा आणि पुन्हा मोजायचं. रिमचा जड भाग आणि टायरचा जड भाग एकत्र आले असतील, तर ते समोरासमोर जातात आणि मागणी बरीच उतरते. नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो, तो हलक्या जागेचा. तो व्हॉल्व्हशेजारी यावा. लाल ठिपका असेल, तर ती टायरची उंच किंवा कडक जागा; रिमवर तिच्या सखल जागेची खूण असेल, तर लाल ठिपका तिथे यावा. हे ठिपके चार धुण्यांत पुसले जातात, म्हणून नवा टायर चढतानाच तिथे हजर राहावं.

मशीन पाच ग्रॅमच्या खालचं बहुधा दाखवत नाही, शून्यच लिहितं. हलक्या गाडीत तेवढंही जाणवतं. बारीक आकडा दाखवायचं बटण असतं, तेवढं दाबायला सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही. चिकटपट्टीची वजनं लावण्याआधी ती जागा पुसून कोरडी केली पाहिजे. ओल्या धुळीवर चिकटवलेली पट्टी पहिल्याच पावसात गळते, आणि मग आठवड्यात कंप परत आला म्हणून लोक मशीनला दोष देतात.

कधी कधी मशीन खरंच शून्य सांगत असतं, तरी गाडी थरथरते. मशीनवर चाक हवेत फिरतं, रस्त्यावर गाडीच्या भाराखाली. टायरच्या एका भागाचं रबर किंवा तारा जास्त कडक असतील, तर भाराखाली तो भाग कमी दबतो आणि चाक गोल असूनही अंडाकृती असल्यासारखं चालतं. चाकावर रोलर दाबून हे मोजणारी मशीनं मोठ्या शहरांत आहेत. आपल्याकडे तोच अर्धा फेरा फिरवायचा प्रयोग करावा, आणि नाही जमलं तर तो टायर मागच्या चाकाला लावावा.

दुसरं कारण हब. हबच्या तोंडावर गंजाची खपली किंवा मातीचा कण राहिला, तर रिम तिरकी बसते. तिथल्या केसाएवढ्या फटीचा टायरच्या घेरापर्यंत जाताना कितीतरी पट मोठा झोल होतो. तारेच्या ब्रशने हब आणि रिमची मागची बाजू घासून घ्यावी. हौसेने बाहेरून घेतलेल्या अलॉयचं वेगळंच. अनेक मारुती गाड्यांच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर, आणि बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक बऱ्याचदा ७३.१, सगळ्या गाड्यांना बसावं म्हणून मोठं ठेवलेलं. मधल्या फटीत बसणारी प्लॅस्टिकची किंवा अॅल्युमिनियमची रिंग मिळते. ती घातली नाही, तर चाक मधोमध आणायचं काम एकट्या नटांवर पडतं आणि घाईत ते साधत नाही. नटही त्या रिमचेच हवेत; निमुळत्या खाचेत गोल किंवा सपाट बुडाचा नट कधीच नीट बसत नाही.

नट आवळायची पद्धत लहान वाटते, पण तिच्यावर बरंच अवलंबून असतं. चाक हवेत असताना हाताने सगळे नट बसवायचे, मग एक सोडून समोरचा असे आवळायचे, आणि शेवटचा जोर गाडी खाली घेतल्यावर. बहुतेक छोट्या गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन-मीटर पुरतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. हवेच्या गनने एका दमात खडखडवलेले नट कुठे दुप्पट आवळलेले असतात, कुठे निम्मे, आणि त्याने ब्रेकची डिस्कही वाकते. गन वापरायला हरकत नाही, शेवट टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, व्हावा.

पंक्चरनंतर सुरू झालेल्या कंपाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण त्याचं मूळ कुणाच्या लक्षात येत नाही. पंक्चरवाला टायर रिमवरून उतरवतो, आतून पॅच लावतो आणि हाताला येईल तसा चढवतो. टायर वेगळ्या जागी बसला की जुनी वजनं चुकीच्या जागी आली. उतरवण्याआधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूची रेघ ओढायला सांगा, आणि चढवताना ती रेघ पुन्हा व्हॉल्व्हसमोर आणायला. हवा भरल्यावर रिमलगतची बारीक उठावाची गोल रेषा बघा. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. एका जागी ती आत बुडालेली दिसली, तर टायर रिमवर पुरता बसलेला नाही. हवा सोडून, कडेला साबणाचं पाणी लावून पुन्हा भरावी. टायरमध्ये ओतलेलं पंक्चररोधक द्रव खाली साचतं आणि बॅलन्सिंग मशीनवर दरवेळी वेगळा आकडा देतं. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी न काढता भरलेल्या हवेबरोबर आत गेलेलं पाणीही हेच करतं.

काम झाल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरने नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासा, आणि गाडीच्या वहीत एक पान या कामाला द्या. तारीख, किलोमीटर, प्रत्येक टायरच्या बाजूवरचा चार अंकी शिक्का (२३२१ असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा), आणि कुठल्या चाकाने आत किती, बाहेर किती ग्रॅम मागितले ते. आठ-दहा हजार किलोमीटरनंतर चाकं फिरवताना तेच आकडे पुन्हा लिहा. तीन चाकांनी पाच-दहा ग्रॅमचाच फरक दाखवला आणि एकाने मागच्या पंचवीसऐवजी सत्तर मागितले, तर ते चाक मशीनवरून उतरवायच्या आधीच त्याच्या ट्रेडवर पुन्हा पंजा फिरवा.